कुठे निघालीस?

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की कुणाला सांगायचीपण लाज वाटतेय.

रविवारी सकाळी मी नवीन ड्रेस घातला. बस, एवढंच. तो गडद निळा कॉटनचा, साधा कुर्ता आणि त्याच कापडाची सरळ पँट, दोन्हीला खिसे. को-ऑर्ड सेट म्हणतात आता त्याला, मम्मीच्या भाषेत पंजाबी ड्रेसच की, फक्त ओढणीचे पैसे वाचवलेले. आंघोळ करून कपाट उघडलं, समोर तोच होता, घातला. कुठे जायचं नव्हतं. पोहे करायचे होते.

पहिल्या आई, म्हणजे सासूबाई. देवाला फुलं वाहून वळल्या आणि "कुठे निघालीस गं सकाळीसकाळी?" मी म्हटलं कुठेच नाही. "बरं" म्हणाल्या, पण तो बरं असा होता की मी काहीतरी लपवतेय. मग समीर. ब्रश तोंडात तसाच, मला बघितलं आणि चेहराच पडला त्याचा, "आज काय आहे? विसरलो का मी काही?" बिचाऱ्याने तेवढ्यात लग्नाचा वाढदिवस, साखरपुडा, माझा वाढदिवस सगळं मनात तपासून घेतलं असणार. लताताई, "पावणे येनारेत काय ताई? आदी सांगायचं ना." आणि दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर सावंतकाकू, "अगंबाई, कुणाकडे?" दहा वाजायच्या आत चार.

इथपर्यंत मला हसूच येत होतं.

मग ईरा उठली. डोळे चोळत बाहेर आली, मला बघितलं आणि होती तिथेच थांबली. रोज धावत येऊन पोटात डोकं खुपसते ते नाही. म्हणाली, "आज संडे आहे ना? मग तू का चाललीस?"

नाही गं बाळा, कुठे नाही चालले. पटलं नाही तिला. पोहे खाऊन होईपर्यंत डाव्या हातात माझा कुर्ता घट्ट धरून बसली होती. साडेदहाला मी आत जाऊन गाऊन घातला, तो जांभळा. तिने बघितलं, आणि गेली खेळायला.

तेव्हापासून दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. काय चुकीचं विचारलं कुणी? काहीच नाही. बाई नीटनेटकी दिसली की ती बाहेर चालली असणार, हा साधा हिशोब आहे आणि मीच तो आठ वर्षं सगळ्यांना शिकवलाय. मला राग कुणावर येतोय तेच कळत नाहीये.

काल रात्री कपाट उघडून उभी राहिले थोडा वेळ. आमच्याकडे कपड्यांना बढती नसते, सगळी उतरती भाजणी. ड्रेस आधी लग्नाबारशाला, मग ऑफिसला, मग रंग उडाला की भाजी आणायला, मग बाही उसवली की "घरात घालायला काढला". आणि घरातून पुढे कुठे जातो तर लताताईंच्या हातात, फरशीवर. म्हणजे मी घरात जे काही घालते ते कायम पोतेऱ्याच्या एक पायरी आधीचं असतं. जिथे माझी माणसं आहेत, जिथे मी जास्तीत जास्त असते, तिथे मी अशी. आणि ज्या बॉसला माझं आडनाव अजून नीट म्हणता येत नाही त्याच्यासाठी इस्त्री. हे मला पस्तिसाव्या वर्षी कळतंय. रडू आलं थोडंसं. समीर घोरत होता, बरंच झालं.

तो ड्रेस मी किती हौसेने शिवून घेतला होता ते कुणाला माहितीच नाही. रेडीमेडचा वैताग आला होता मला. रेयॉनच्या कुर्त्या दुकानात अशा मऊ, अशा सुळसुळीत लागतात की वाटतं आयुष्यात दुसरं काही घालू नये, आणि चार धुण्यात खालची पट्टी समुद्राच्या लाटेसारखी. मग कधीतरी वाचलं की रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं आणि भिजलं की त्याचा धागा कमजोर पडतो, म्हणजे आपण मशीनमध्ये गरागरा पिळतो तेव्हाच त्याचा जीव सगळ्यात नाजूक असतो. (हे वाचून मला त्या कुर्त्यांबद्दल उगीच आपुलकी वाटली.) पॉलिस्टरचं तर नावच नको, मे महिन्यात लेडीज डब्यात पॉलिस्टर घालून उभं राहून बघा. लेगिंग सोयीचं आहे पण मांडी घालून बसलं की गुडघे बाहेर येतात आणि मग दिवसभर गुडघे आपल्या पुढे चालतात. ओढणी मी ईरा झाली तेव्हाच सोडली. एक टोक तिच्या तोंडात, एक रिक्षाच्या बाहेर.

आणि खिसे! समीरच्या घरातल्या हाफ पँटला चार खिसे आहेत, त्यातल्या एकातही कधी काही नसतं. माझ्या हातात चावी, मोबाईल, ईराची बाटली, ईराचा अर्धा खाल्लेला बिस्किटाचा तुकडा, आणि माझ्या कुर्त्याला खिशाची नुसती शिवण, आत काही नाही, शोभेची.

म्हणून हिंदमाताला गेले. हो, तेच, पाणी तुंबल्याच्या बातमीतलं, पण एरवी कापड घ्यावं तर तिथेच. कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं आणि मला अप्पा आठवले. अप्पा असंच करायचे, अगदी शाळेच्या युनिफॉर्मचं कापडसुद्धा, आणि दुकानदार कितीही उंचं सांगू दे, यांचं ठरलेलं, "खळ आहे नुसती, धुतलं की जाळी होईल." मिलच्या साचेखात्यात, विणकामाच्या, होते ना. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. त्यांची मिल करी रोडला होती आणि मी रोज करी रोडलाच उतरते, काचेच्या बिल्डिंगमध्ये एसीत बसते, जिथे एके काळी मैलोगणती कापड निघायचं तिथे, आणि माझ्याकडे घालायला धड काही नाही. अप्पा हसले असते. किंवा नसते हसले.

तर चव्वेचाळीस इंची पन्हा, साडेचार मीटर. घरी आणून आधी मूठभर मीठ टाकून रात्रभर भिजवलं, आटायचं ते आधीच आटू दे, निळं पाणी दोनदा काढलं, सावलीत वाळवलं आणि मग मास्टरकडे. खिसा म्हटल्यावर मास्टरने टेप गळ्यात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं, "लेडीज में पॉकेट? फिटिंग खराब होगा मॅडम." मी म्हटलं होऊ दे, आणि मोबाईल आख्खा आत गेला पाहिजे, आणि कमरेला पुढून सपाट पट्टी, मागे इलॅस्टिक. बाही कोपराच्या खाली, पण कणीक मळताना वर जाईल एवढी सैल. ट्रायलला मी दुकानात खाली मांडी घालून बसून उठून बघितलं. पोऱ्या हसायला लागला.

इतकं सगळं करून ड्रेस कपाटात दीड महिना पडून होता. का, तर चांगला आहे, कुठेतरी जाताना घालू.

हे लिहिताना आत्ता लक्षात आलं, मीपण तेच म्हणत होते ना? कुठेतरी जाताना.

गाऊनला मी नावं ठेवणार नाही पण. गाऊन म्हणजे मोकळा श्वास आहे, मुंबईच्या दमट हवेत अख्ख्या दिवसाची घामट पँट सोडून गाऊन अंगावर घातला की जो काही स्वर्ग मिळतो तो पुरुषांना कळायचा नाही. वर ओढणी टाकली की गाऊनचा ड्रेस होतो, तेवढ्यावर खाली वाण्याकडे, बसस्टॉपवर, सोसायटीच्या मीटिंगलापण जाता येतं, कुणी काही म्हणत नाही. म्हणजे म्हणतातही. नवी मुंबईत गोठिवलीला २०१४ मध्ये बोर्ड लावला होता, दिवसा मॅक्सी घालून बाहेर फिरलं तर पाचशे रुपये दंड, आणि लावला कुणी तर तिथल्या महिला मंडळाने. तेव्हा मी पोट धरून हसले होते. तेव्हा लग्न झालं नव्हतं.

आणि ईराचं आणि गाऊनचं तर वेगळंच आहे. मी ऑफिसला परत जायला लागले तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. ऑफिसचे कपडे दिसले की रडायची, म्हणून मी शेवटच्या मिनिटापर्यंत गाऊनमध्ये असायचे, मग बाथरूममध्ये बदलून आई तिला गॅलरीत कावळे दाखवत असताना दारातून सटकायचे. चपला हातात. चोरासारखी. आणि दुपारी ती झोपेना म्हणून आई माझा वापरलेला गाऊन तिच्या उशाशी ठेवायच्या, वासावर झोपायची. हे आईंनी मला खूप नंतर सांगितलं. धुवायला टाकायचा नाही असा नियम होता म्हणे घरात, मला माहितीच नव्हता.

म्हणजे रविवारी ती मला काही टोचून बोलली नाही. मी चांगली दिसते की गबाळी दिसते याच्याशी तिला काहीही घेणं नाहीये. माझे कपडे हे तिचं टाइमटेबल आहे. गाऊन म्हणजे आई आहे, बाकी काहीही म्हणजे आई चालली. इतकं सरळ. आणि मी दोन दिवस आरशासमोर उभी राहून पोट आत घेतेय.

मम्मी चार वाजले की तोंड धुवायची, वेणी सोडून परत घालायची, पावडर, आणि सकाळची चुरगळलेली साडी बदलून दुसरी नेसायची. वायलची. इस्त्रीची नाही, गादीखाली घडी घालून ठेवलेली, पण घडी अशी की सुरीने कापल्यासारखी. मग दिवा लावायची. कुठेही जायची नाही. चाळीत तिला कुणी कधी विचारलेलं मला आठवत नाही की कुठे निघालीस, कारण सगळ्याच बदलायच्या. पुढे आमच्याकडेही गाऊन आला, मग तो सकाळ-संध्याकाळ एकच झाला, आणि शेवटी शेवटी तर तिला साडी नेसवायची म्हटलं तर दोघी जणी... जाऊ दे. तो विषय आज नको.

आज मी तोच निळा ड्रेस ऑफिसला घातला, म्हटलं निदान कुठेतरी तरी निघू दे त्याला. भांडुपला चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धी मी सीटवर आणि अर्धी देवाच्या भरवशावर, आणि खिशातून पास काढला तर समोरच्या तिघी एकदम, "खिसा आहे??" ठाण्याहून बसून येतात त्या, एरवी माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. उभं राहून दाखवावं लागलं. एकीने हात घालून खोली मोजली. दुसरी म्हणाली मोबाईल ठेवू नको, मारतील. कांजूरपासून घाटकोपरपर्यंत कापड किती लागलं, शिलाई किती, मास्टरचा नंबर दे. एकीनेही विचारलं नाही कुठे चाललीस, सगळ्या तिथेच तर चालल्या होत्या.

संध्याकाळी घरी आले आणि कपडे बदलले नाहीत. मुद्दाम. हातपाय धुतले आणि तशीच ओट्याशी. आईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, मग थोड्या वेळाने "फोडणी उडेल हो अंगावर" एवढंच. उडालीच, हळदीचा ठिपका, पण गडद निळ्यावर दिसत नाही, हे मी दुकानातच बघून घेतलं होतं. ईरा दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. "परत चाललीस?" नाही गं. तिने जाऊन खुंटीवर माझी पर्स आहे का बघितली. होती. मग चपला बघितल्या. मग येऊन माझ्या खिशात हात घातला, कोपरापर्यंत, आणि तसाच ठेवला. मी तशाच कशाबशा पोळ्या लाटल्या. मग तिने आत दोन खडू ठेवले, एक क्लिप आणि कुठूनतरी सापडलेला चिंचोका. म्हणाली हे इथेच राहू दे, उद्या लागेल.

उद्या पण घालू असं वाटत नाही. आता भिजत टाकलाय बादलीत, खडू काढून, चिंचोका विसरले बहुतेक. मीठ टाकूनही रंग सोडतोच आहे थोडा आणि त्यात समीरचं पांढरं बनियन कुणीतरी टाकलंय, बहुतेक मीच, छान आभाळी झालंय. आत्ता मी जांभळ्या गाऊनमध्येच आहे. त्याला खिसा नाहीये. शनिवारी मास्टरकडे घेऊन जाणार आहे, उजव्या बाजूला एक मोठा लावून दे म्हणून. काय म्हणेल ते माहितीये.