ओ-यू-जी-एचचा तास

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात मी आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं घरी अहिराणी बोलतात आणि वहीत पुस्तकी मराठी लिहितात. इंग्रजी त्यांच्या कानावर पडते ती फक्त माझ्या तासाला.

त्या दिवशी शेतावरचा एक उतारा वाचायला घेतला होता. एक मुलगी उभी राहिली. एरवी ती गप्पच असते. खडबडीत जमिनीचं वाक्य आलं, तिथे तिने ‘रफ’ बरोबर वाचलं. पुढच्याच ओळीत नांगर आला. शेवटची चार अक्षरं तीच, ओ-यू-जी-एच. तिने वाचलं, ‘प्लफ’. वर्ग खो-खो हसला. तिने पुस्तक मिटलं आणि ती खाली बसली.

मला त्या हसण्याचा फार राग आला. देवनागरीत वाढलेलं मूल दुसरं काय वाचणार? आपल्याकडे अक्षर तेच असेल तर आवाजही बहुतेक तोच. आत्ताच हाती आलेला नियम तिने पुढच्या शब्दाला लावला होता. नीट विचार करणारं डोकं नेमकं असंच चालतं. मी वर्गाला तसं स्पष्ट सांगितलं. तिला सांगितलं, “तुझा तर्क बरोबर आहे बाळा, नियम मोडलाय तो त्या शब्दाने.”

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, जी-एच बोलनंच नही, ते लिखनं कसाले?”

धडा तिथेच ठेवला आणि फळ्यावर रकाने आखले. या चार अक्षरांचे शब्द गोळा करायचे आणि आवाजाप्रमाणे लावायचे. ‘रफ’, ‘टफ’, ‘इनफ’ एका घरात. ‘कॉफ’ म्हणजे खोकला आणि ‘ट्रॉफ’ म्हणजे गुरांची गव्हाण दुसऱ्या. ‘प्लाउ’, फांदीचा ‘बाउ’ आणि दुष्काळाचा ‘ड्राउट’ तिसऱ्या. मळलेल्या कणकेचा ‘डो’ आणि ‘जरी’ अर्थाचा ‘दो’ चौथ्या. ‘थ्रू’ एकटाच. ‘थॉट’, ‘बॉट’, ‘ब्रॉट’ पुढे टी घेऊन आले, त्यांचं घर वेगळं. ‘थरा’लाही नवाच रकाना काढावा लागला. उचकीलाही ‘हिकप’ असं बोलून शेवटी जी-एच लिहिण्याची एक रीत आहे. खोकल्याशी तिचं नातं असावं अशा समजुतीने ते स्पेलिंग चिकटलं. मुलं फळ्याकडे बघतच राहिली. नांगर, गव्हाण, कणीक, फांदी, दुष्काळ, खोकला. यातला एकही शब्द त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

मग इतिहास सांगितला. जुन्या इंग्रजीत या जागी खरोखर एक आवाज होता, घशातून घासत येणारा, आपल्या ‘ख’च्या जवळचा. तेव्हा तो नुसत्या एच अक्षराने लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हातून त्याच आवाजासाठी जी-एच ही जोडी रूढ झाली. म्हणजे लिहिलेलं होतं ते बोललंही जात होतं. नंतर लोकांच्या तोंडून तो आवाज हळूहळू गेला. काही शब्दांत नुसताच विरला, काहींत त्याचा ‘फ’ झाला. स्वरही त्याच काही शतकांत जागा बदलत होते. आणि नेमक्या अशा वेळी, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापखान्यांमुळे स्पेलिंग एका जागी स्थिर होत गेलं, बोलणं मात्र पुढे चालत राहिलं. ‘थ्रू’ आणि ‘थरा’ तर मुळात एकच शब्द, त्याचीही दोन रूपं झाली. अमेरिकेने नांगराचं जी-एच काढून सरळ डब्ल्यू लावला. इंग्लंडमध्ये ते अजून आहे.

हे सांगत होते तोच एक मुलगा उठला. “मॅडम, आपन बी ते जयगाव म्हनतस नि जळगाव लिखतस!”

मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं या भागात शिकवते, पण हे जोडून बघणं मला सुचलं नव्हतं. शाळेला शाया, डोळ्याला डोया, अमळनेरला अमयनेर म्हणणारी ही मुलं वहीत बिनचूक ळ काढतात. तोंडात एक आणि कागदावर दुसरं, हे ती पहिलीपासून निभावत आली आहेत. ळ आपल्याकडे बोलण्यातून गेला तरी पुण्या-साताऱ्याकडे आहे. तसा तो इंग्रजीतला घशाचा आवाज स्कॉटलंडमध्ये अजून ऐकू येतो. तिथे सरोवराला ‘लॉख’ म्हणतात. हे सांगितलं तेव्हा मुलांचे चेहरे एकदम मोकळे झाले. इंग्रजी ही कुणा शहाण्यांची भाषा आणि आपली अडाण्यांची, ही जी समजूत त्यांच्या मनात कुणीतरी घालून ठेवलेली असते, तिचा मला मनापासून तिटकारा आहे.

एकीने विचारलं, मग मराठीने कधी काही काढून टाकलं का? टाकलं ना. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. घरात आजोबांच्या वेळचं एखादं खरेदीखत असेल तर त्यात ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पांच’ असं सापडेल, बघा म्हटलं.

मधल्या सुट्टीनंतर सकाळी वाचायला उठलेली ती मुलगी ग्रंथालयातला इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन आली. तिला एक नवा शब्द सापडला होता: एस, एल आणि पुढे तीच चार अक्षरं. सापाची कात असा अर्थ असेल तर ‘स्लफ’, दलदल असा असेल तर ‘स्लाउ’. स्पेलिंगमध्ये काडीचा फरक नाही. कुठल्या रकान्यात घालायचा यावर वर्गात भांडण जुंपलं. एकाचं म्हणणं, दलदल आपल्याकडे आहेच कुठे, कात मात्र बांधावर नेहमी दिसते, तेव्हा ‘रफ’च्या घरात घाला. तिने ते ऐकून घेतलं, माझ्या हातातून खडू घेतला आणि शब्द दोन्ही रकान्यांत लिहिला.