आजीला त्या वयात हे वेड कसं लागलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या वडिलांची काकू, म्हणजे आमची सावंतवाडीची आजी, साठीला टेकल्यावर गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवायला लागली. कारण विचारलं की घरात एकच उत्तर मिळे, "वेळ जात नव्हता तिचा." मीही कित्येक वर्षं तेच सांगत आले.

काळ 1970च्या दशकातला. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. आजी तिथं जाऊ लागली. दशावतारी डावाची गोल पानं 120. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री कृष्णाच्या राजाची. हे मला तिनंच शिकवलं.

तिच्या हातची सात पानं आमच्याकडे उरली आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यातली मत्स्याची दश्शी मी भिंगाखाली धरली. तांदळाच्या दाण्याएवढे दहा मासे. नऊ माशांचे डोळे एकेका ठिपक्यात उतरलेले. दहाव्याचा खरवडून पुन्हा काढलेला. नुसता वेळ घालवणारं माणूस असं करत नाही. तिथून मी शोधायला लागले.

तिच्या ट्रंकेत पोस्टाचं पासबुक सापडलं. महिन्याला कधी 15, कधी 20 रुपये भरलेले, तीन वर्षं न चुकता. मग एका जून महिन्यात सगळी रक्कम काढलेली. त्याच जूनमध्ये माझी आत्या नर्सिंगला गेली. शेजारच्या काकींना विचारलं, तर म्हणाल्या, "येळ खंय होतो गे तिका? पैसे होये होते."

तेव्हा वेड म्हणू नका, छंदही म्हणू नका. ती मजुरी होती, आणि ती मजुरी तिनं माशाच्या डोळ्यापर्यंत चोख केली. मला याचा फार अभिमान वाटतो. घरानं ते लपवलं, कारण बाईच्या कमाईवर मुलगी शिकली हे तेव्हा कुणाला सांगवलं नसेल.

आत्याला पासबुक दाखवलं. त्या शेवटच्या तारखेवर तिनं बराच वेळ बोट ठेवलं. मग म्हणाली, "ते माशांचं पान दे बघू इकडे."