आतड्याचा कॅन्सर: नुसतं वय बघून ठरवू नका

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला आणि पेशंट पंच्याहत्तरीचा असला, की घरचा पहिला प्रश्न ठरलेला: "ह्या वयात ऑपरेशन झेपंल काय?" रोज रंकाळ्याला फेरी मारणारे ७८ वर्षांचे आजोबा आणि जिना चढताना तीनदा टेकणारे पासष्टीचे गृहस्थ, यांत धोका दुसऱ्यांना जास्त. म्हणून सत्तरीपुढे आधी जी-८ नावाची छोटी प्रश्नावली भरून घ्यावी. भूक, तीन महिन्यांत घटलेलं वजन, चालणं-फिरणं, स्मरण, चालू गोळ्यांची संख्या असं सगळं त्यात येतं. १७ पैकी १४ किंवा कमी गुण आले तर सविस्तर तपासणी हवी.

वयस्कांना खरा धोका पहिल्या वर्षात असतो: न्यूमोनिया, हृदयाचा त्रास, ऑपरेशननंतरचा भ्रम. ते वर्ष निभावलं की कॅन्सरपुरता त्यांचा निकाल तरुणांच्या जवळ येतो. आतडं बंद पडून तातडीनं करावं लागणारं ऑपरेशन सगळ्यात महागात पडतं. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन ८ पर्यंत उतरलं तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नये. उजव्या बाजूची गाठ डोळ्याला न दिसता रक्त गाळत राहते, कोलोनोस्कोपीच (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) हवी.

ऑपरेशनला दोन-तीन आठवडे हातात असतील तर मिश्री-तंबाखू बंद, रोज चालणं, स्पायरोमीटर (फुप्फुसांच्या व्यायामाचं छोटं साधन) फुंकण्याचा नव्हे तर त्यातून श्वास आत ओढण्याचा सराव. प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. (पांढऱ्या रश्श्यावर भागत नाही, त्यातलं मटण खावं लागतं.)

केमोत फसगत होते ती क्रिएटिनिन या किडनीच्या रक्ततपासणीपाशी. आजी ७८ वर्षांच्या, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.१. लॅबच्या कागदावर जवळपास नॉर्मल. आता हिशोब करा: १४० मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बाई असेल तर उत्तराला ०.८५ नं गुणायचं. येतात ३२; किडनी किती वेगानं रक्त गाळते त्याचा हा अंदाज, मिनिटाला मिलिलिटरमध्ये. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीचा डोस हा आकडा ५० च्या खाली असेल तर पाऊणपट करतात, ३० च्या खाली ती गोळी देतच नाहीत. पूर्ण डोस गेला तर जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय सोलणं. नेहमीपेक्षा दिवसाला चार जुलाब जास्त झाले की गोळी थांबवून फोन करायचा. चंदगडहून कोल्हापूर गाठेपर्यंत अंगातलं पाणी संपतं. शिवाय तिसऱ्या स्टेजला ऑपरेशननंतर ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध जोडण्याचा फायदा सत्तरीनंतर फारसा दिसलेला नाही. एकटी कॅपेसिटाबिन मात्र उपयोगी ठरते.

तरुणांचं उलट. शरीर उपचार सोसतं, पण रोग उशिरा सापडतो. पस्तिशीत शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच, असं धरून मलमांवर महिने काढले जातात. बोटानं साधी गुदतपासणीही होत नाही, आणि गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटालाच लागतात. निदान झाल्यावर गाठीची एमएमआर तपासणी (पेशीतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडली आहे का, ते बघणारी) मागून घ्यावी. दोष आनुवंशिक निघाला तर भावंडांचीही तपासणी लागते. आणि ओटीपोटाला रेडिएशन देणार असतील तर मूल हवं आहे का, हे आधीच विचारा. वीर्य गोठवून ठेवायचं तर ते पहिल्या रेडिएशनच्या आधीच.