एकच चाल, मग पुढे कंडक्टर कशाला?

तुर्की शास्त्रीय संगीतात हार्मनी नसते, म्हणजे तीस जण बसले तरी तीसही जण एकच चाल गाणार, आपल्या यावल-रावेरकडच्या भजनी मंडळासारखंच. मग समोर उभं राहून हात हलवणारा माणूस कशाला पाहिजे? मेसुत जेमिल या तुर्की संगीतकाराबद्दल वाचलं तेव्हा कुठे जरा डोक्यात उजेड पडला.

याचे वडील तंबुरी जेमिल बे म्हणजे तिकडचे लई मोठे वादक, त्यांच्या ग्रामोफोन रेकॉर्डी आजही लोक शोधून ऐकतात. ते १९१६ ला गेले तेव्हा पोरगा तेरा-चौदा वर्षांचा. पुढे तो बर्लिनला जाऊन चेलो शिकला, परत येऊन इस्तंबूल रेडिओत लागला, आणि १९३४ ला सरकारनेच फर्मान काढलं की आपलं जुनं संगीत रेडिओवर बंद, युरोपचं वाजवा! ते थेट १९३६ पर्यंत. (हसू नका, आपल्या आकाशवाणीनेही १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेरच ठेवलं होतं.)

बंदी उठली, १९३८ ला अंकारा रेडिओ सुरू झाला आणि तिथे मेसुतने आपला कोरस बांधला. आता गंमत अशी की तिकडे चीज गुरूसमोर बसून, मांडीवर ताल धरत पाठ करायची पद्धत, त्याला मेश्क म्हणतात, त्यामुळे जितके उस्ताद तितके एकाच चिजेचे पाठ, त्यात प्रत्येकाची मुरकी वेगळी. याने सगळ्यांना एका पाठावर आणलं, श्वास एकाच जागी, आवाज चढणार-उतरणार तो सगळ्यांचा मिळून, आणि ज्याची त्याची हरकत बंद. कंडक्टरचं काम हेच!

मला स्वतःला ते थोडं जास्तच इस्त्री केल्यासारखं वाटतं. आमच्याकडे एखादा बुवा मध्येच तान मारून जातो, मृदंगवाला त्याच्याकडे बघत राहतो, मजा तर तिथेच आहे राव. पण रेडिओच्या एका माइकपुढे पंधरा जणांच्या पंधरा मुरक्या म्हणजे नुसता कालवा, हेही खरं. पुढे नेव्झात आत्ली, शिक्षणाने डॉक्टर बरं का, त्यांनी १९७५ ला इस्तंबूलात सरकारी कोरस उभा केला, शिस्त तीच.

ऐकायचंच तर मेसुतचं निहावेंद साझ सेमाई ऐका (निहावेंद म्हणजे तिकडचा एक राग, साझ सेमाई म्हणजे नुसत्या वाद्यांवर वाजवायची रचना), आपला किरवाणी राग कानात असेल तर लगेच जवळचं वाटेल. मात्रा दहा, पण झपताल धरायला जाऊ नका, त्यांचे दहा तीन-दोन-दोन-तीन असे पडतात.