सगळे प्रश्न एकाच टेबलावर

स्वतःचा व्यवसाय चालवणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा थकव्याचा हिशेब बहुतेक वेळा तासांत मांडतात. मीही तास विचारते. पण एका कारखान्यात काढलेल्या दिवसापासून त्याच्या आधी आणखी एक गोष्ट विचारते: दिवसभरात किती जणांचं काम तुमच्या होकारावाचून अडलेलं असतं?

त्या कारखान्याच्या मालकांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रयोगशाळांना लागणारी उपकरणं ते बनवतात. चाळीसेक माणसं, आठ वर्षांत शून्यातून उभा केलेला व्यवसाय. आले ते झोपेची तक्रार घेऊन. रात्री तीनला जाग यायची आणि कामं डोक्यात फिरायला लागायची. आठवडाभर सुट्टी घेऊन पाहिली होती. परत आल्यावर दोन दिवसांत सगळं पूर्वपदावर. "सुट्टीनेही फरक पडत नाही मॅडम, म्हणजे बिघाड माझ्यातच आहे," ते म्हणाले.

प्रत्येक थकवा बर्नआउटच, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून आलेली दमणूकच, असतो असं धरून चालणं धोक्याचं आहे. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, नैराश्य यांतही माणूस असाच गळून जातो. म्हणून त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या मनात तसा विचार नव्याने शिरत नाही. उलट मनातलं बोलायला वाट मिळते. तसे विचार नव्हते, तपासण्याही ठीक आल्या. मग मी त्यांना म्हटलं, एक दिवस तुमच्या केबिनमध्ये बसू द्या.

सकाळपासून मी कोपऱ्यातल्या खुर्चीत वही घेऊन बसले. पॅकिंगचा पुठ्ठा संपलाय, दुसऱ्या जाडीचा वापरू का? एक ग्राहक दोन टक्के जादा सवलत मागतोय, देऊ? कुठल्या सप्लायरचं बिल आधी भरायचं? या ईमेलमधलं हे वाक्य बरोबर आहे का? अमुक जणाला शुक्रवारी रजा हवी आहे. ते प्रत्येकाला शांतपणे, काही सेकंदांत आणि अचूक उत्तर देत होते. अडचण नेमकी तिथेच होती. विचार करत बसण्यापेक्षा त्यांना विचारणं सोपं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. बँकेला द्यायचा कर्जाचा प्रस्ताव मात्र सकाळपासून स्क्रीनवर त्याच पानावर उघडा होता, आणि ते काम दुसरं कुणीच करू शकणार नव्हतं.

दुपारी विक्री सांभाळणारी मुलगी जवळजवळ धावतच आत आली. दीड वर्ष जिच्यामागे सगळे होते ती ऑर्डर मिळाली होती. कंपनीची आजवरची सर्वांत मोठी. ते म्हणाले, "छान. डिलिव्हरीची तारीख कुठली लिहून दिलीस?" तिने सांगितली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग गेली. तिचा उतरलेला चेहरा त्यांनाही दिसला असावा, कारण मी काही विचारायच्या आत ते बोलले. "मला काहीच वाटलं नाही हो. आनंद नाहीच. एवढं काम आता कोण निस्तरणार, एवढंच आलं मनात."

हे ऐकून मी हादरले. झोप मोडणं ताणाच्या किती तरी प्रकारांत दिसतं. ज्यासाठी आठ वर्षं घातली, तेच परकं वाटायला लागणं ही वेगळी खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजार आणि आरोग्यविषयक नोंदींच्या वर्गीकरणात बर्नआउटची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा, आणि कामातली परिणामकारकता घटणं. २०१९मध्ये संघटनेने हेही स्पष्ट केलं की हा आजार म्हणून नोंदवलेला नाही, कामाशी निगडित घटना म्हणून नोंदवलेला आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की त्यातून हे उद्भवतं. मी हे सांगितल्यावर ते जरा सैलावले. मग त्यांनी विचारलं, "हाताळायचा कुणी?"

नोकरी करणाऱ्याच्या बाबतीत निदान वरिष्ठांकडे, संस्थेकडे बोट दाखवता येतं. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या मानसशास्त्रज्ञांनी बर्नआउटशी जोडलेली कामाच्या वातावरणातली सहा अंगं सांगितली आहेत: कामाचा भार, नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. मालकाकडे नियंत्रण भरपूर असतं, म्हणून तो सुरक्षित असेल असं वाटतं. मी त्या दिवशी पाहिलेल्या माणसाचं पुठ्ठ्याच्या जाडीवर नियंत्रण होतं, स्वतःच्या पुढच्या वीस मिनिटांवर नव्हतं. आणि त्यांचं काम कमी करू शकेल असं त्यांच्यावर कुणी नव्हतंच.

संध्याकाळी आम्ही माझी वही उघडली. साठाहून जास्त प्रश्न नोंदले होते. फक्त त्यांनीच उत्तर द्यावं असे किती, ते त्यांनाच ठरवायला सांगितलं. सात निघाले. बाकीच्यांपैकी बऱ्याच प्रश्नांवर ते अडून बसले. सवलतीवर सर्वांत जास्त: "ती मुलगी जास्तच देऊन बसेल." मी म्हटलं, मग किती दिली तर कंपनीला खरंच लागेल, ते काढा. त्यांनी कागदावर नफ्याचं गणित मांडलं आणि पाच टक्क्यांपर्यंत फारसं बिघडत नाही असं त्यांचं त्यांनाच दिसलं. पाचपर्यंत तिने ठरवायचं, त्यावर त्यांनी. खरेदीलाही तशीच मर्यादा घातली. कुणी ठरवायचं, कुठपर्यंत, आणि मालकांना कधी कळवायचं, हे प्रत्येक प्रश्नासमोर लिहिलं. मर्यादेतला निर्णय आपण वेगळा घेतला असता तरी तो फिरवायचा नाही, या अटीवर मात्र त्यांची पेन्सिल बराच वेळ थांबली. माझ्या मते सगळं या अटीवर अवलंबून होतं. एकदा निर्णय फिरवला, की दुसऱ्या दिवशी सगळे प्रश्न पुन्हा त्याच टेबलावर येतात.

रात्री तीनला जाग येण्यावरचा उपाय छोटा होता. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११मध्ये प्रयोगांतून दाखवलं की अपुरं काम मनात टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली की टोचणी कमी होते. निघण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक अर्धवट कामापुढे त्याची पहिली पायरी आणि वेळ लिहायची, असं ठरलं. तासांचंही बोललो. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१चा अंदाज आहे. त्यांचा आठवडा सत्तरच्या आसपास होता. पण प्रश्नांची रांग तशीच ठेवून तास कापले असते, तर ती रांग फोनवरून घरी आली असती. सुट्टीत तेच झालं होतं.

दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला, आवाज चढलेला. त्या मुलीने चार टक्के सवलत दिली होती, आणि तीही नेहमी पैसे थकवणाऱ्या ग्राहकाला. मी एवढंच विचारलं, मर्यादेत होती ना? होती. त्यांनी निर्णय फिरवला नाही. तिला बोलावून त्या ग्राहकाच्या वसुलीची नोंद दाखवली. ती नोंद तिने आधी कधी पाहिलीच नव्हती, कारण ती त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये होती. आता विक्रीच्या सगळ्यांना ती बघता येते.

झोप बरीच सुधारली आहे, तरी पगाराच्या तारखेआधीच्या रात्री अजून जातात तशाच. कर्जाचा प्रस्ताव बँकेत गेला. आमच्या भेटी सुरू आहेत. पुढच्या वेळी खरेदीची मर्यादा वाढवायची का, यावर बोलायचं आहे.