न चालणारं यंत्र घेऊन तालुक्याला

आमच्याकडे विज्ञान प्रदर्शन म्हटलं की थर्माकोल, मोटर, बॅटरी आणि आदल्या रात्री जागलेले पालक. सिरिंजवर चालणारा जेसीबी दरवर्षी कोणी ना कोणी आणतंच. गेल्या वर्षी आठवीतल्या चौघांना मी सांगितलं, यंदा मॉडेल करायचं नाही. अजून अस्तित्वातच नसलेलं यंत्र कागदावर मांडायचं.

चौकट उसनी घेतली. अमेरिका आणि कॅनडातल्या शाळांसाठी तोशिबा कंपनी आणि तिथली विज्ञान शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९९२ पासून ‘एक्सप्लोराव्हिजन’ ही स्पर्धा घेतात. दोन ते चार मुलांचा गट दहा-वीस वर्षांनंतरच्या एखाद्या तंत्रज्ञानाची कल्पना करतो. आपली मुलं तिथे उतरू शकत नाहीत, पण प्रस्तावाचे भाग मला फार आवडले: आजचं तंत्रज्ञान, त्याचा इतिहास, उद्याचं तंत्रज्ञान, त्याआधी कोणते शोध लागावे लागतील, बाद केलेल्या कल्पना आणि बरे-वाईट परिणाम.

सुरुवात अपेक्षेप्रमाणेच झाली. उडणारी बस, गृहपाठ करणारा रोबो, सगळं मोबाइलमध्ये पाहिलेलं. मग मी अट घातली की घरी ज्यावरून चिडचिड होते तोच विषय घ्यायचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पट्ट्यात याचं उत्तर शोधायला वेळ लागत नाही. गुलाबी बोंडअळी.

फवारणी करणारं ड्रोन लगेच बाद झालं, कारण ते आजच आलंय. पाऊस हवा तिथे वळवणारं यंत्र थोडा वेळ टिकलं, पण एकाने विचारलं, “ढग आपल्या वावरात ओढला तं शेजारचा काय म्हणन?” विषय तिथेच संपला. तिसरी कल्पना, विष अंगाला न लागू देणारा पोशाख, टाकताना मलाच वाईट वाटलं. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते या मुलांनी घरातून ऐकलेलं आहे. पण एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पोशाख कायले? फवाराच कमी करू ना.” ही बाद यादी आम्ही वहीत कारणांसह लिहून ठेवली. एरवी मुलांनी सोडून दिलेला विचार फळ्यासोबत पुसला जातो.

फवारा कमी का होत नाही, हे समजायला वावरात गेलो. कृषी विभागाची शिफारस अशी की वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोनात जिवंत अळी दिसली तर उपाय करायचा. मुलांनी बोंडं फोडली. बाहेरून एकदम धडधाकट दिसणाऱ्या बोंडात गुलाबी अळी निवांत बसलेली. लहानपणीच ती आत शिरते, छिद्र बुजून जातं, मग वरून कितीही फवारा, तिला काही होत नाही. मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यात नर पतंग सापडतात, त्यावरून अंदाज येतो. पण नेमक्या कोणत्या झाडावर कोणतं बोंड, ते सापळा सांगत नाही. “फोडल्याबिगर समजतच नाही,” असं पुटपुटत एकाने ते वाक्य वहीत लिहिलं. आमचा विषय ठरला.

इतिहासाचं पान मुलांना नको होतं. मला विचाराल तर तेच पान सगळ्यात मोलाचं. या अळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झालं, तेही भारतातल्या कापसावरच्या नमुन्यांवरून. बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, अशा दोन जनुकांचं बियाणं २००६ मध्ये आलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीने तेही पचवल्याचं सगळ्यांनी पाहिलं. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तीच झाडं राखून पुन्हा कापूस, घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा, असं नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था का सांगते, हे मुलांनी आपापल्या बापाला घरी जाऊन समजावलं. त्यावरून काय ऐकावं लागलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

अमेरिकेने मात्र २०१८ मध्ये ही अळी आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. बीटी कापूस होताच, सोबत वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, म्हणजे त्यांच्याशी जोडी जमली तरी पुढची पिढी होत नाही. ते ओळखू यावेत म्हणून अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळत, म्हणजे पतंग आतून लाल. “आतून लाल?” हे मला तीनतीनदा विचारलं गेलं.

खरी दमछाक पुढे झाली. यंत्र कसं काम करेल, यावर चौघांचं एकच उत्तर: सेन्सर लावायचा. मी तो शब्दच बंद केला. कशाचा माग घेणार ते सांगा, मग शब्द वापरा. मग शोधताना कळलं की अळीने कुरतडलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, विशिष्ट वास सोडते आणि त्या वासावर अळीचे शत्रू असलेल्या गांधीलमाश्या येतात. “म्हणजे पऱ्हाटी चुगली करते!” यंत्राचं नाव तिथेच पडलं: चुगलखोर. झाडाला अडकवायचा बटणाएवढा तुकडा. त्या झाडावर अळी शिरली की रंग बदलेल.

यासाठी आधी काय शोधावं लागेल? यादी मुलांनीच केली. अळी पानावर नसून बोंडाच्या आत असेल तेव्हाही झाड ओळखता येईल असा वास सोडतं का, हे तपासायचं. वारा आणि औषधाच्या उग्र दर्पात तो वेगळा काढायचा. सेलशिवाय चालवायचं. आणि तुकडा मातीत विरून जायला हवा, कारण कापसात प्लॅस्टिक गेलं तर सरकी वेगळी काढणारा जिनिंगवाला माल नाकारतो. हा शेवटचा मुद्दा मला सुचला नसता. तो वेचणीला जाणाऱ्या आईच्या मुलीचा.

वाईट परिणामांत तिनेच लिहिलं: “रंग बदललेला व्यापाऱ्यालेही दिसन. तो वावरातच भाव पाडन.” त्यावर दोन दिवस वाद झाला. रंग शेतकऱ्यालाच दिसावा, त्यासाठी वेगळा चष्मा काढला, मग चष्मा महाग पडेल म्हणून पुन्हा भांडण.

तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या टेबलावर एक फाइल, एक मोठं चित्र आणि फोडलेली बोंडं. आजूबाजूला दिवे लुकलुकत होते. परीक्षकांनी विचारलं, “हे चालतं का?” गटातला सगळ्यात अबोल मुलगा म्हणाला, “नाही सर. काहून नाही चालत ते सहाव्या पानावर हाय.” परीक्षकांनी सहावं पान उघडलं, थोडं वाचलं, हसले आणि पुढे गेले. जिल्ह्यासाठी आमची निवड झाली नाही. निकष चालत्या प्रतिकृतीकडे झुकलेले असतील तर असं होणारच. मला ते निकष पटत नाहीत, आणि हे मी बैठकीत बोललेही आहे.

नंतर प्रश्न आला इन्स्पायर-मानकचा, म्हणजे शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेचा. तिथे शाळेतून पाचपर्यंत कल्पना पाठवता येतात, निवड झाल्यास विद्यार्थ्याला दहा हजार रुपये मिळतात. पण कल्पना एकाच मुलाच्या नावावर जाते. चौघांचा चुगलखोर कोणाच्या नावावर टाकायचा? शिवाय तिथे करून दाखवता येईल असंच काही हवं. चौघांनीच तोडगा काढला. चुगलखोर कोणाच्याच नावावर नाही. प्रत्येकाने त्यातला आज जमेल असा एक तुकडा घ्यायचा. एकाने सापळ्यातले पतंग मोजायची सोपी युक्ती घेतली, दुसऱ्याने वीस बोंडांच्या नोंदीचा तक्ता, तिसऱ्याने मातीत विरणारी खूणचिठ्ठी. जिनिंगचा मुद्दा काढणारी मुलगी अजून चष्म्यावर अडून आहे. तो स्वस्तात कसा करायचा ते तिला जमलेलं नाही, आणि कल्पना भरायची मुदत जवळ आली आहे.