खालची पानं पिवळी पडली

बटाट्याच्या वाफ्यात आज खालची पानं पिवळी दिसली. थोडीच, तीही मातीलगतची. तेवढ्यावरून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. दादा म्हणाला, "एक झाड उपटून बघ ना सरळ." उपटलेलं झाड परत लागत नाही, आणि खाली सुपारीएवढे बटाटे निघाले तर ते तेवढेच राहणार. हे त्याला कोण सांगणार? जाऊ दे.

त्रास आहे तो न दिसण्याचा. जे हवं ते सगळं मातीखाली, आणि खबर द्यायला फक्त पानं. पिवळं पडायला कारणं तरी किती! पहिलं वय. लवकर येणारं वाण ७० ते ९० दिवसांत तयार होतं, उशिराचं १२० पर्यंत जातं. तयार झालेलं झाड खालून वर, सगळीकडे सारखं पिवळं होत जातं. फुलांवर हिशोब ठेवू नये, काही वाणांना ती येतच नाहीत. पण इथे लावणीला दोन महिनेसुद्धा झालेले नाहीत. म्हणजे वय नाही.

मग काय? मनाला लागतं ते इथेच. बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, प्रमाणित, रोगमुक्त. खायच्या बटाट्यांतून उचललेलं नाही, कारण त्यांना बऱ्याचदा कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं आणि विषाणूही त्यातूनच घरी येतात. कोंब आणायला बेणं थंड जागी, उजेडात पण उन्हाबाहेर, जास्त डोळ्यांचं टोक वर करून मांडलं होतं. अंधारात कोंब पांढरे आणि लांबुडके निघतात, लावताना बोट लागलं तरी मोडतात. हे दीड-दोन सेंटीमीटरचे, जाड, जांभळट होते. लहान बेणं अख्खंच लावलं. मोठं उभं कापलं, कारण जोरकस डोळे एकाच टोकाला दाटलेले असतात आणि आडवं कापलं की एका फोडीला सगळे जातात, दुसरी जवळजवळ आंधळी राहते. फोड ४०-५० ग्रॅमची, दोन-तीन डोळ्यांची. कापलेल्या बाजूवर नवी साल धरेपर्यंत दोन-तीन दिवस सावलीत ठेवली, नाहीतर ओल्या मातीत ती कुजते. खोली १० सेंटीमीटर, दोन झाडांत ३०, दोन ओळींत ६०. ताजं शेणखत नाही, चुना नाही, दोन्हींनी बटाट्याच्या सालीवर खरबरीत खपल्या धरायचा धोका वाढतो. गेल्या तीन वर्षांत त्या जागी बटाट्याच्याच कुळातलं टोमॅटो, वांगी, मिरची काहीही नव्हतं. एवढं सगळं नीट करूनही पिवळं पान बघायला लागावं, याचं फार वाईट वाटलं. बाकीच्या गोष्टींतही हेच चाललंय, पण ते आज लिहायचं नाही.

संध्याकाळी परत जाऊन एकेक पान उलटून पाहिलं. लवकर येणाऱ्या करप्यात जुन्या पानांवर तपकिरी ठिपके येतात, आत एकात एक गोल. तसले नव्हते. उशिरा येणाऱ्या करप्याची धास्ती जास्त, १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याची पिकं बसली ती यानंच. त्यात पानाच्या कडेनं पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग पडतात आणि दमट सकाळी खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते. तेही नव्हतं. पानं गुंडाळणारा विषाणू असता तर खालची पानं वरच्या बाजूला वळून कडक झाली असती. जिवाणूंच्या मर रोगात भर दुपारी हिरवंच झाड मान टाकतं. खोड कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरलं की त्यातून दुधाळ धार उतरते. मॅग्नेशियम कमी पडलं तर शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पिवळं पडतं.

हे पान देठापासून टोकापर्यंत एकसारखं फिकट होतं. डाग नाही, वळलेलं नाही. बोटानं जरा हलवलं आणि ते देठासकट हातात आलं. वर पाहिलं तर पालवी इतकी दाट की खाली ऊन पोचतच नाही. शिवाय दुसरी भर दिली, म्हणजे बुंध्याशी पुन्हा माती चढवली, तिच्यात ही पानं अर्धी गाडली गेलेली. सावलीतलं जुनं पान झाड स्वतःच सोडून देतं, त्यातलं सत्त्व वर ओढून घेतं. बास, एवढंच. आजार नाही.

आता काही न करणं आलं, आणि ते अवघड जातं. हात युरियाकडे वळतो. पण या वेळी जास्त नत्र दिलं की झाड पाल्यातच रमतं आणि बटाटे धरायला उशीर होतो. पाणी मात्र सारखं हवं. माती कोरडी पडू देऊन मग एकदम भरपूर पाणी दिलं की बटाट्याला गाठी येतात, तडे जातात. भरही कामापुरतीच. बटाटे मुळांवर लागत नाहीत, खोडातून जमिनीखाली आडव्या फुटणाऱ्या फांद्यांच्या टोकांशी फुगतात, म्हणून त्यांच्यावर माती हवी. पिंपात थरावर थर माती चढवून वरपर्यंत बटाटे लागतात असं सांगतात, ते मला पटत नाही. उंची वाढते, बटाटे बहुतेक खालीच राहतात. खरा शत्रू गरम माती. रात्री २० अंशांच्या वर जायला लागल्या की बटाटे धरणं मंदावतं, म्हणून वरंब्यावर वाळलेल्या गवताचा जाड थर बरा.

बघायचंच असेल तर उपटायला नको. वरंब्याच्या कडेनं बोटं घालून माती हलकेच बाजूला करायची, चाचपायचं आणि लगेच झाकायचं. उजेड लागलेला बटाटा हिरवा होतो. त्यात सोलॅनिन नावाचं विष वाढलेलं असतं, तो खाऊ नये. पण तेही आणखी दोन आठवड्यांनी. पाला खरोखर पिवळा पडून लोळला की पाणी तोडायचं, पाला कापायचा, साल पक्की व्हायला दहा-बारा दिवस थांबायचं. अंगठ्यानं चोळून साल सरकली तर अजून थांबायचं.

उद्या दव असतानाच पानांची खालची बाजू पुन्हा बघायची. कोपऱ्यात भर घसरलीय, तिथे एक पाटी माती टाकायची.